आरोपीचा वकील नेमके काय करतो?

'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' ही म्हण मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. मात्र ही पायरी चढायची की नाही, हे ठरविणे प्रत्येक वेळी शहाण्याच्या हाती नसते. शेजाऱ्याशी झालेल्या भांडणातून फिर्याद दाखल होते, अपघातानंतर वाहनचालकावर गुन्हा नोंदविला जातो, पतसंस्थेच्या गैरव्यवहारात केवळ स्वाक्षरी करणाऱ्या संचालकाचे नाव येते आणि एखाद्या सकाळी पोलिस दारात उभे राहतात. घरातील माणसे आधी ओळखीच्या कार्यकर्त्याला, मग नात्यातल्या एखाद्या हवालदाराला फोन लावतात. वकिलाची आठवण बहुधा तिसऱ्या-चौथ्या क्रमांकावर येते. तोवर महत्त्वाचे तास निघून गेलेले असतात.

यामागे दोन समजुती आहेत. 'गुन्हा केलाच नाही, तर वकील कशाला?' ही पहिली. 'आरोपीचा वकील म्हणजे गुन्हेगाराला सोडविणारा माणूस' ही दुसरी. या दोन्ही समजुती किती महाग पडू शकतात, हे नाशिकमध्येच घडलेल्या एका खटल्याने दाखवून दिले आहे.

बेलतगव्हाणचा खटला

५ जून २००३ च्या रात्री नाशिक रोडजवळील बेलतगव्हाण येथे शेतातील झोपडीत राहणाऱ्या एका कुटुंबावर दरोडेखोरांनी हल्ला केला. पाच जणांची हत्या झाली, स्त्रियांवर अत्याचार झाले. या घटनेने सारा जिल्हा हादरला. तपासात भटक्या जमातीतील सहा मजुरांना अटक झाली. जून २००६ मध्ये नाशिकच्या सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशीची शिक्षा सुनावली. मार्च २००७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम केली आणि तिघांना जन्मठेप दिली. ३० एप्रिल २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राज्य सरकारचे अपील मान्य करून पुन्हा सहाही जणांना फाशी ठोठावली.

येथे प्रकरण संपल्यासारखेच होते. परंतु फाशीच्या प्रकरणांतील पुनर्विलोकन अर्जांची सुनावणी तीन न्यायमूर्तींसमोर खुल्या न्यायालयात झाली पाहिजे, असा निर्णय २०१४ मध्ये घटनापीठाने दिला आणि बंद झालेले दार किलकिले झाले. ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्वतःचाच २००९ चा निकाल मागे घेतला. अपिले नव्याने ऐकली गेली. ५ मार्च २०१९ रोजी न्या. ए. के. सिकरी, न्या. एस. अब्दुल नझीर आणि न्या. एम. आर. शाह यांच्या पीठाने सहाही जणांची निर्दोष मुक्तता केली. तोवर सुमारे १६ वर्षे तुरुंगात गेली होती. त्यांतील एक जण घटनेच्या वेळी अल्पवयीन होता, हेही मधल्या काळात निष्पन्न झाले होते.

हा निकाल कशावर फिरला? हल्ल्यातून वाचलेल्या प्रत्यक्षदर्शी महिलेला घटनेनंतर दोन दिवसांनी पोलिसांच्या नोंदीतील गुन्हेगारांची छायाचित्रे दाखविण्यात आली होती आणि त्यांतून तिने चार जणांना ओळखले होते. ते चौघे या सहा आरोपींपैकी नव्हते. तरीही त्या चौघांचा पुढे तपास झाला नाही. ही त्रुटी न्यायालयाने गंभीर मानली, त्या दिशेने पुढील तपासाचे निर्देश दिले, दोषी अधिकाऱ्यांविरुद्ध कारवाईबाबत राज्य सरकारला आदेश दिले आणि सहाही जणांना प्रत्येकी ५ लाख रुपये भरपाई देण्यास सांगितले.

या खटल्यात केवळ सहा निरपराध माणसांचीच हानी झाली असे नाही. ज्या कुटुंबातील पाच माणसे गेली, त्या कुटुंबालाही न्याय मिळाला नाही. चुकीची माणसे तुरुंगात होती तितका काळ खरे गुन्हेगार मोकळे राहिले. आरोपीची बाजू कसून मांडली जाणे ही फिर्यादीचीही गरज असते, ती अशी.

वकिलाचा हक्क कोठून येतो?

आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा व त्याच्यामार्फत बचाव करण्याचा हक्क राज्यघटनेच्या अनुच्छेद २२(१) ने अटक झालेल्या प्रत्येकाला दिला आहे. या तरतुदीमागे पारतंत्र्यातील अनुभव आहे. नाशिकपुरते बोलायचे, तर २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सनचा वध झाल्यानंतर जे खटले चालले, ते मुंबईत विशेष न्यायाधिकरणापुढे चालले. तेथे ज्यूरी नव्हती. नाशिक कट खटल्यात विनायक दामोदर सावरकरांच्या बाजूने जोसेफ बाप्टिस्टा यांच्यासारखे बॅरिस्टर उभे राहिले. सरकारचा रोष पत्करून आरोपीची वकिली करण्याची ही परंपरा महाराष्ट्राला नवी नाही.

तरीही एखादा निर्घृण गुन्हा घडला, की 'या आरोपीचे वकीलपत्र कोणी घेऊ नये' असे ठराव वकिलांच्या संघटना अधूनमधून करताना दिसतात. कोइमतूर येथील अशाच एका प्रकरणात २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असे ठराव घटनाबाह्य व निरर्थक ठरविले. आरोपी कितीही तिरस्करणीय वाटला, तरी त्याचा बचाव करणे हे वकिलाचे कर्तव्य आहे, असे न्यायालयाने बजावले. मुंबईवरील २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यातील अजमल कसाबलाही वकील देण्यात आला. त्याच्याच प्रकरणात २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की आरोपीला प्रथम हजर केले जाते तेव्हाच वकिलाच्या हक्काची जाणीव करून देणे आणि वकील नसल्यास तो मोफत मिळवून देणे ही न्यायदंडाधिकाऱ्याची जबाबदारी आहे.

पहिले चोवीस तास

१ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने घेतली. कलमांचे क्रमांक बदलले, तरी अटकेसंबंधीचे मूलभूत हक्क कायम आहेत. अटकेची कारणे सांगितली गेली पाहिजेत, नातेवाइकाला वा मित्राला कळविले गेले पाहिजे, वैद्यकीय तपासणी झाली पाहिजे आणि प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यासमोर हजर केले गेले पाहिजे. अपवादात्मक परिस्थिती व दंडाधिकाऱ्याची पूर्वपरवानगी असल्याखेरीज सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी स्त्रीला अटक करता येत नाही. महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये असेही सांगितले, की अटकेची कारणे आरोपीला समजणाऱ्या भाषेत लेखी दिली पाहिजेत.

या टप्प्यावर वकील तीन कामे करतो. एक, प्रथम खबरीची, म्हणजे एफआयआरची प्रत मिळवून कोणती कलमे लावली आहेत, गुन्हा जामीनपात्र आहे की अजामीनपात्र, हे पाहतो. दोन, अटकेची गरज होती का, हे तपासतो. सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत सरसकट अटक करू नये, आधी हजर राहण्याची नोटीस द्यावी, असा दंडक सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये घालून दिला आहे. तीन, अशिलाला काय बोलावे व काय बोलू नये, हे सांगतो. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती कोणावरही करता येत नाही. चौकशीच्या काळात वकिलाला भेटण्याचा हक्क कायद्याने दिला आहे, मात्र संपूर्ण चौकशीभर वकील शेजारी बसू शकत नाही. म्हणूनच ही पहिली भेट मोलाची असते.

पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही, हे अनेकांना ठाऊक असते. पण त्या निवेदनावरून एखादी वस्तू हस्तगत झाली, तर तेवढा भाग पुराव्यात येऊ शकतो, हे ठाऊक नसते. घाबरून कोऱ्या कागदावर वा न वाचलेल्या पंचनाम्यावर केलेली सही पुढे वर्षानुवर्षे पाठलाग करते.

रिमांड आणि जामीन

आरोपीला न्यायालयात हजर केल्यावर पोलिस बहुधा कोठडी मागतात. कोठडी कशासाठी हवी, कोणता तपास बाकी आहे, मागच्या कोठडीत काय निष्पन्न झाले, हे प्रश्न वकिलाने विचारायचे असतात. कोणी विचारणारेच नसले, की मागणी सहज मान्य होण्याचा धोका वाढतो. पोलिस कोठडी एकूण १५ दिवसांपेक्षा अधिक देता येत नाही. मात्र नव्या संहितेनुसार ते दिवस गुन्ह्याच्या स्वरूपाप्रमाणे पहिल्या ४० किंवा ६० दिवसांत तुकड्यातुकड्यांनी घेता येतात. न्यायालयीन कोठडी मिळाली म्हणजे सुटलो, असा समज त्यामुळे आता उपयोगाचा नाही.

जामिनाचे प्रकार समजून घेणे आवश्यक आहे. जामीनपात्र गुन्ह्यात जामीन हा हक्क आहे. अजामीनपात्र गुन्ह्यात तो न्यायालयाच्या विवेकावर अवलंबून असतो. आरोपी पळून जाईल का, साक्षीदारांवर दबाव आणील का, पुरावा नष्ट करील का, हे तेथे पाहिले जाते. म्हणून वकील आरोपीचा कायमचा पत्ता, नोकरी, कुटुंब, आजारपण यांची कागदपत्रे मागतो. अटकेची साधार भीती असल्यास सत्र किंवा उच्च न्यायालयाकडे अटकपूर्व जामिनाचा अर्ज करता येतो.

चौथा प्रकार दुर्लक्षित राहतो. फाशी, जन्मठेप किंवा दहा वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत ९० दिवसांत आणि इतर गुन्ह्यांत ६० दिवसांत दोषारोपपत्र दाखल झाले नाही, तर आरोपीला जामिनाचा हक्क प्राप्त होतो. परंतु तो मागावा लागतो. मुदत उलटल्यावर अर्ज करण्यापूर्वीच दोषारोपपत्र दाखल झाले, तर हा हक्क हातचा जातो. दिनदर्शिकेवर खुणा करून ठेवणारा वकील येथे उपयोगी पडतो. याशिवाय, फाशी वा जन्मठेपेचे गुन्हे वगळता, कमाल शिक्षेच्या निम्मा काळ कच्चा कैदी म्हणून काढलेल्याला, आणि पहिलाच गुन्हा असलेल्याला एक-तृतीयांश काळानंतर, जामिनावर सुटण्याची तरतूद आहे. एकापेक्षा अधिक प्रकरणे प्रलंबित असणाऱ्याला मात्र तिचा लाभ मिळत नाही.

दोषारोपपत्र वाचण्याची कला

फौजदारी खटल्याचे खरे काम न्यायालयातील भाषणापेक्षा कार्यालयातील टेबलावर अधिक होते. दोषारोपपत्र, साक्षीदारांचे जबाब, पंचनामे, वैद्यकीय अहवाल, न्यायवैद्यक प्रयोगशाळेचे अहवाल यांच्या प्रती आरोपीला मोफत मिळतात. वकील हे शेकडो कागद तारखांनुसार लावतो. फिर्याद किती वाजता नोंदली? जखमीला रुग्णालयात केव्हा नेले? तेथील नोंदीत हल्लेखोरांची नावे आहेत की 'अनोळखी इसम' असे लिहिले आहे? साक्षीदाराचा जबाब दुसऱ्या दिवशी घेतला की महिन्याने? जप्त केलेला मुद्देमाल मोहोरबंद होता का, प्रयोगशाळेत तो केव्हा पोहोचला आणि मधल्या काळात कोणाच्या ताब्यात होता?

दोषारोपपत्रात जे आहे त्याइतकेच, जे नाही तेही महत्त्वाचे असते. ठाण्याची दैनंदिनी, मोबाइलच्या नोंदी, परिसरातील कॅमेऱ्यांचे चित्रण, झडतीचे चित्रीकरण अशी सामग्री मागण्यासाठी वकील अर्ज करू शकतो. झडती व जप्तीचे दृकश्राव्य चित्रीकरण नव्या संहितेने बंधनकारक केले आहे. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत विहित प्रमाणपत्र आवश्यक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने जालना येथील निवडणूक वादात २०२० मध्ये निःसंदिग्धपणे सांगितले. बेलतगव्हाणच्या खटल्यातील छायाचित्रांवरून पटलेली ओळख हाही अशाच सामग्रीचा भाग होता. घटनेनंतर दोन दिवसांत घडलेली गोष्ट पंधरा वर्षांनी निर्णायक ठरली.

कागदपत्रांवरून खटला चालविण्याइतकाही आधार दिसत नसेल, तर वकील आरोप निश्चित होण्यापूर्वीच दोषमुक्तीचा अर्ज करतो. तो मान्य झाल्यास पुढील कित्येक वर्षांच्या तारखा वाचतात.

उलटतपासणी

चित्रपटांतील वकील साक्षीदारावर ओरडतो आणि साक्षीदार रडत कबुली देतो. प्रत्यक्षातील उलटतपासणी शांत आणि पुष्कळदा कंटाळवाणी वाटणारी असते. अंतर किती होते, उजेड कशाचा होता, आरोपीला पूर्वी पाहिले होते का, ही गोष्ट पोलिसांना सांगितली होती का, असे छोटे छोटे प्रश्न विचारले जातात. पोलिसांपुढील जबाबात नसलेली महत्त्वाची गोष्ट साक्षीदार न्यायालयात प्रथमच सांगू लागला, तर ती तफावत नोंदवून घेणे हे वकिलाचे कौशल्य. ओळख परेडपूर्वी आरोपीचा चेहरा वा छायाचित्र साक्षीदाराला दाखविले गेले होते, असे सिद्ध झाले तर त्या परेडचे मोल उरत नाही. पंच नेहमीचेच आहेत का, ते पोलिसांच्या ओळखीचे आहेत का, हेही विचारले जाते.

येथे विसरू नये असे तत्त्व म्हणजे गुन्हा सिद्ध करण्याची जबाबदारी सरकार पक्षाची असते. काही विशेष कायद्यांचा अपवाद सोडला, तर आपण निर्दोष आहोत हे आरोपीला सिद्ध करावे लागत नाही. पुराव्यातून वाजवी संशय निर्माण झाला, तर त्याचा फायदा आरोपीला मिळतो. साक्षीपुरावा संपल्यावर न्यायाधीश आरोपीला त्याच्याविरुद्धच्या प्रत्येक मुद्द्याबाबत विचारतात. हा जबाब शपथेवर नसतो, पण विचार करून द्यायचा असतो. 'खोटे आहे', 'माहीत नाही' एवढेच सांगायचे, की स्वतःची बाजू मांडायची, बचावाचे साक्षीदार तपासायचे की नाही, हे वकिलाने आरोपीशी बसून ठरवायचे असते.

दोष सिद्ध झाल्यानंतर

दोष सिद्ध झाला म्हणून वकिलाचे काम संपत नाही. शिक्षेवर स्वतंत्र युक्तिवाद होतो. आरोपीचे वय, बालपण, आर्थिक स्थिती, मानसिक आरोग्य, तुरुंगातील वर्तन, सुधारणेची शक्यता या बाबी पुराव्यासह मांडाव्या लागतात. फाशी होऊ शकणाऱ्या खटल्यांत ही माहिती सत्र न्यायालयाच्या पातळीवरच गोळा व्हावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितले. अशा खटल्यांत नेमलेल्या वकिलाला किमान दहा वर्षांचा अनुभव असावा आणि तयारीसाठी सर्वसाधारणपणे किमान सात दिवस मिळावेत, असा निर्णय २०१९ चा आहे. वयाचा दाखला ही वरवर किरकोळ वाटणारी गोष्ट किती मोठी असते, हे बेलतगव्हाणच्या खटल्यातील अल्पवयीन आरोपीच्या उदाहरणावरून कळते. शिक्षा भोगताना फाशीची टांगती तलवार डोक्यावर असलेला तो मुळात बालन्याय कायद्याच्या कक्षेत येणारा मुलगा होता.

अपिलाच्या मुदती लक्षात ठेवाव्यात. दंडाधिकाऱ्याच्या शिक्षेविरुद्ध सत्र न्यायालयात ३० दिवसांत, तर सत्र न्यायालयाच्या शिक्षेविरुद्ध उच्च न्यायालयात ६० दिवसांत अपील करावे लागते. फाशीच्या शिक्षेविरुद्धची मुदत ३० दिवसांची आहे. शिक्षा झालेल्या कैद्याला निकालाची प्रत मोफत व वेळेवर मिळणे आणि अपिलासाठी वकील मिळणे हा त्याचा हक्क आहे, हे १९७८ मध्ये महाराष्ट्रातील एका कैद्याच्याच प्रकरणात न्या. कृष्ण अय्यर यांनी सांगितले होते.

वकिलाच्या मर्यादा

आरोपीने वकिलाला विश्वासाने सांगितलेली गोष्ट गोपनीय राहते. ती उघड करण्याची सक्ती वकिलावर करता येत नाही. मात्र या संरक्षणालाही सीमा आहे. पुढे करावयाच्या गुन्ह्यासाठी घेतलेला सल्ला त्यात बसत नाही. वकील साक्षीदाराला पढवू शकत नाही, खोटा दाखला सादर करू शकत नाही, पुरावा नष्ट करण्यास सांगू शकत नाही. 'शंभर टक्के सोडवून देतो' असे आश्वासन देणाऱ्यापासून किंवा 'वर द्यावे लागतील' म्हणून पैसे मागणाऱ्यापासून दूर राहणेच हिताचे. अशील दोषी आहे की नाही, याचा निवाडा करणे मात्र वकिलाचे काम नाही. ते न्यायाधीशाचे आहे.

फी परवडत नसेल तर?

विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ नुसार स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती, अपंग, औद्योगिक कामगार, आपत्तिग्रस्त आणि कोठडीतील प्रत्येक व्यक्ती मोफत वकिलास पात्र आहे. त्यांना उत्पन्नाची अट नाही. इतरांसाठी राज्याने ठरविलेली उत्पन्नमर्यादा लागू होते. नाशिककरांनी यासाठी जिल्हा न्यायालयाच्या आवारातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे, तर तालुक्यातील नागरिकांनी तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा. नाशिक रोड मध्यवर्ती कारागृहातील बंदी कारागृह प्रशासनामार्फत अर्ज पाठवू शकतो. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाचा १५१०० हा दूरध्वनी क्रमांक देशभर चालतो. २०२२ पासून अनेक जिल्ह्यांत केवळ आरोपींच्या बचावासाठी पूर्णवेळ वकील नेमण्याची योजनाही सुरू झाली आहे.

वकिलाकडे जाताना

नोटीस, एफआयआर व अटकेची कागदपत्रे, ओळखपत्र, पत्त्याचा व वयाचा पुरावा, आजारपणाची कागदपत्रे सोबत न्यावीत. घटनेच्या दिवशी आपण कोठे होतो, कोणाला भेटलो, याचे टिपण स्मरण ताजे असतानाच लिहून ठेवावे. मोबाइलमधील संदेश पुसून टाकू नयेत. ते आपल्याच बाजूचे ठरू शकतात, आणि पुसल्याचा संशय आला तर तोटाच होतो. फिर्यादीला वा साक्षीदाराला भेटून समजूत घालण्याचा मोह आवरावा, त्यातून जामीन रद्द होऊ शकतो. फीबाबत आरंभीच स्पष्ट बोलावे, पावती घ्यावी. प्रत्येक तारखेला हजर राहावे, नाही तर वॉरंट निघते. आणि सर्वांत महत्त्वाचे, वकिलापासून काही लपवू नये. अशिलाने दडविलेली गोष्ट उलटतपासणीच्या मध्यावर समोर आली, तर उत्तम वकीलही हतबल होतो.

बेलतगव्हाण प्रकरणातील सहा जणांना भरपाई मंजूर झाली, पण सोळा वर्षे परत आली नाहीत आणि मृतांच्या आप्तांना खरे गुन्हेगार कोण, याचे उत्तर त्या निकालातून मिळाले नाही. दोषारोपपत्रातील प्रत्येक कागद पहिल्याच न्यायालयात बारकाईने वाचला जावा, त्यावर प्रश्न विचारले जावेत, एवढ्यासाठीच आरोपीच्या शेजारी वकील उभा असतो. कोर्टाची पायरी चढण्याची वेळ आलीच, तर शहाण्याने ती वकिलासह चढावी.